मुरबाडच्या शेटजींची खतावणी

एखाद्या धनवंताचं पैशाशी वागणं कसं होतं, हे ठरवायची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. त्याने काय काय दिलं याची यादी वाचायची आणि हात जोडायचे. नाना जगन्नाथ शंकरशेट यांच्या वाट्याला ही यादी फार लांबलचक आली. मुरबाडच्या मुरकुटे घराण्यात १० फेब्रुवारी १८०३ रोजी जन्मलेला आणि ३१ जुलै १८६५ रोजी मुंबईत वारलेला हा माणूस शाळा, रेल्वे, संग्रहालय, बाग, स्मशानभूमी, कायदेमंडळ अशा कशाकशाच्या पायाभरणीत सापडतो. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीत त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, ग्रँट रोडला त्यांच्या नावाचा चौक आहे, आणि मुंबई सेंट्रल स्थानकाला त्यांचं नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. यादी खरी आहे. तरीही तिच्यावरून माणसाचं औदार्य तेवढं कळतं. पैशाच्या बाबतीत तो नीतीने वागला का, या प्रश्नाला ती हातही लावत नाही. त्यासाठी दुसरीच गोष्ट बघावी लागते, असं माझं म्हणणं आहे. आपल्याला तोंडावर नकार देऊ शकतील अशी किती माणसं त्याने स्वतःभोवती उभी राहू दिली, आणि कोणाला त्या बैठकीत जागाच मिळाली नाही? या मापाने मोजलं की नाना पुतळ्यापेक्षा जास्त मोठेही दिसतात आणि जास्त अपुरेही.

आधी पैसा आला कुठून ते पाहू, कारण जयंतीच्या भाषणांत हा भाग सहसा एका वाक्यात उरकतात. घराणं दैवज्ञ, मूळचं मुरबाडचं. पुढे व्यापाराच्या ओढीने मुंबईत स्थिरावलं. वडील शंकरशेट यांची भरभराट झाली ती १७९९ च्या सुमारास, इंग्रज टिपू सुलतानाशी लढत होते त्या काळात. युद्ध म्हटलं की रसद आली, उसनवारी आली, दर चढले, आणि ज्याच्याकडे माल आणि रोकड होती त्याचं भलं झालं. १८२२ मध्ये वडील गेले तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे होते आणि हाती आयती संपत्ती होती. म्हणजे ज्या पैशावर पुढची सगळी सार्वजनिक कामं उभी राहिली, त्याच्या मुळाशी एका लढाईचा नफा होता. यात शंकरशेटांनी काही गुन्हा केला असं नाही. त्या वेळच्या मुंबईत धुतल्या तांदळासारखी तिजोरी शोधायला निघालात तर संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी याल. नानांचे समकालीन सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या नावाचं रुग्णालय १८४५ पासून रुग्णांवर उपचार करतं आहे, आणि त्यामागच्या संपत्तीचा मोठा हिस्सा चीनला जाणाऱ्या अफूचा होता. हे इतिहासात नीट नोंदलेलं आहे, लपवाछपवी कोणी केलेली नाही. आपणच ते वाचायचं टाळतो.

नानांच्या प्रामाणिकपणाची साक्ष म्हणून एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. अरब, अफगाण आणि इतर परदेशी व्यापारी आपली पुंजी बँकेत ठेवण्याऐवजी नानांच्या हवाली करत. गोष्ट मोलाची आहे. हजार मैलांवरून आलेला माणूस, ज्याची भाषा वेगळी, धर्म वेगळा, तो गिरगावातल्या एका हिंदू शेटवर विश्वास टाकतो, हे काही सहज घडत नाही. पण ठेवीदाराशी राखलेला प्रामाणिकपणा आणि नीती यांत एक अंतर आहे. ठेव ठेवणारा उद्या ती काढून घेऊ शकतो. त्याचा विश्वास मोडला तर बाजारात चार दिवसांत बभ्रा होतो आणि पेढी बसते. त्यामुळे ज्याच्याकडे आपलं नुकसान करायची ताकद आहे त्याच्याशी सरळ वागणं, हा चांगल्या धंद्याचाच भाग ठरतो. व्यापाऱ्यांनी दिलेलं प्रशस्तिपत्र व्यापाऱ्यांपुरतं खरं धरावं. ज्याची कुठेच ठेव नव्हती, त्याच्याशी हा शेट कसा वागला, हा प्रश्न तिथे सुटत नाही.

नानांचं खरं वेगळेपण दिसतं ते देण्याच्या पद्धतीत. त्यांच्या आधीची आणि त्यांच्या काळातलीही धनिकांची दानाची वहिवाट म्हणजे देऊळ बांधावं, घाट बांधावा, सदावर्त घालावं, ब्राह्मणभोजनं उठवावीत. देणारा एकटा आणि घेणारे ओंजळ पसरून उभे. १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये लिहिणाऱ्या लोकहितवादींनी अशा खर्चावर कोरडे ओढलेच होते. नाना त्या परंपरेतून पूर्ण सुटलेले नव्हते. पण त्यांनी आपला पैसा मुख्यतः अशा ठिकाणी घातला जिथे तो घातल्यावर त्यांचा एकट्याचा राहत नव्हता. गव्हर्नर एलफिन्स्टनच्या काळात, १८२२ मध्ये, मुंबईत देशी शिक्षणासाठी जी सोसायटी स्थापन झाली, तिच्यात तरुण नाना होते. बापू छत्र्यांसारखी माणसं तिथे मराठीत शालेय पुस्तकं तयार करत होती. त्या सोसायटीला सभासद होते, वर्गणीदार होते, ती छापील अहवाल काढत असे. देणगीदाराचं नाव यादीत इतर नावांच्या खालीवर छापलं जाई आणि पैशाचं काय झालं ते कोणालाही वाचता येई. १८४० मध्ये सरकारने शिक्षण मंडळ नेमलं तेव्हा त्यावर जमशेटजी आणि महंमद इब्राहिम मकबा यांच्यासोबत नानाही गेले. आज आपल्याला यात नवल वाटत नाही. पण घरच्या पेढीवर आपला शब्द अखेरचा असलेला माणूस आठवड्यामागून आठवडे समितीत बसतो, मतदान मानतो, हरतो आणि पुढच्या बैठकीला पुन्हा येतो, ही त्या काळात नवी शिस्त होती.

हरणं आलंच होतं. १८४७ मध्ये शिक्षण मंडळात वरचं शिक्षण कोणत्या भाषेतून द्यावं यावरून मोठा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश होते आणि त्यांचा कल इंग्रजीकडे होता. नानांनी लेखी टिपण देऊन देशी भाषांची बाजू मांडली. थोडक्या मुलांना उत्तम इंग्रजी शिकवून भागणार नाही, बहुजनांपर्यंत ज्ञान पोचायचं तर ते त्यांच्या भाषेतूनच पोचेल, असा त्यांचा रोख होता. मंडळात तट पडले आणि प्रकरण सरकारकडे गेलं. या प्रसंगात नानांचा स्वार्थ तपासून पाहावा. इंग्रजांशी व्यवहार करणाऱ्या, गव्हर्नरांकडे ऊठबस असलेल्या शेटला इंग्रजी शाळाच सोयीच्या होत्या. न्यायाधीशाशी वाकडं घेऊन त्यांना काही मिळणार नव्हतं. तरी ते अडून बसले. त्यांच्या कोणत्याही देणगीपेक्षा हे टिपण मला अधिक वजनदार वाटतं, कारण देणगीने देणाऱ्याचा मान वाढतो आणि अशा अडून बसण्याने तो घटायची भीती असते. १८५२ चंही तसंच. २६ ऑगस्टला बॉम्बे असोसिएशनची पहिली सभा नानांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि कारभारात हिंदी लोकांना स्थान मिळावं म्हणून पार्लमेंटकडे अर्ज गेला. सरकारवर टीका करणारा मजकूर पाहून काही बडे शेटिये बिचकले आणि बाजूला झाले. नाना राहिले. पुढे १८५७ च्या धामधुमीत त्यांच्यावरच बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय आला, पोलीस अधिकारी फोर्जेटच्या माणसांची नजर त्यांच्यावर राहिली, पुरावा काही मिळाला नाही. १८६२ मध्ये हेच सरकार त्यांना मुंबईच्या कायदेमंडळावर घेतं, हा इतिहासाचा मिस्कीलपणा.

पैशाची धुंदी म्हणजे काय याचा अनुभवही त्याच मुंबईने त्याच वर्षांत घेतला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरला हिंदुस्थानचा कापूस हवा झाला, शहरात सोन्याचा पूर आला आणि कंपन्यांचं पीक उगवलं. बॅक बे भरणी कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद या बाजाराचे राजे होते. १ जुलै १८६५ ला फुगा फुटला, घराणीच्या घराणी बुडाली, डॉ. भाऊ दाजींसारख्या विद्वानाचीही पुंजी त्यात गेली, आणि दोन-अडीच वर्षांत खुद्द बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. प्रेमचंदांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि आईच्या नावाच्या राजाबाई टॉवरसाठी मिळून चार लाख दिले होते. टॉवर आजही सुंदर दिसतो. पण त्या सट्ट्यात ज्यांची आयुष्यभराची बचत गेली त्यांच्या वतीने कोण बोललं? बँकेच्या कारभाऱ्यांना वेळीच ‘हे कर्ज देऊ नका’ म्हणणारा कोणी खोलीत नव्हता. दानशूरपणा आणि बेबंदपणा एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, याचा याहून ढळढळीत दाखला सापडणार नाही. बाजार कोसळल्यावर महिन्याभरात नाना वारले.

आता मुरबाडशेजारच्या शहापूरकडे वळलं पाहिजे, कारण नानांच्या खात्याची दुसरी बाजू तिथल्या रुळांखाली आहे. १८४५ पासून मुंबईत रेल्वेसाठी खटपट करणाऱ्यांत नाना पुढे होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या पहिल्या हिंदी संचालकांत त्यांचं आणि जमशेटजींचं नाव येतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा ते त्या गाडीत होते. पुढे रूळ कल्याणवरून ईशान्येला सरकले: १८५५ मध्ये वासिंद, १८६० मध्ये आसनगाव, १८६१ मध्ये कसारा, आणि थळघाट चढून जानेवारी १८६५ मध्ये इगतपुरी. म्हणजे नानांच्या हयातीतच शहापूर तालुका या टोकापासून त्या टोकापर्यंत रेल्वेने बांधला गेला. त्यांचं स्वतःचं मुरबाड मात्र रुळांपासून दूरच राहिलं. आजही मुरबाडकराला गाडी पकडायची तर एसटीने किंवा जीपने कल्याणच गाठावं लागतं. एका अर्थी ही नानांच्या बाजूने साक्ष आहे. रूळ जिथे जायचे तिथे गेले, शेटच्या गावाकडे वळले नाहीत.

या रेल्वेची किंमत कोणी चुकवली हा प्रश्न मात्र राहतो. १८४९ च्या कराराने कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी मिळाली होती, आणि तोटा आला तर ती भरायची हिंदुस्थानच्या महसुलातून. भागधारक प्रामुख्याने विलायतेतले, महसूल इथल्या शेतसाऱ्याचा. दादाभाई नौरोजींनी पुढे देशातून वाहून जाणाऱ्या संपत्तीचा जो हिशोब मांडला, त्यात रेल्वेच्या व्याजाची बाब होती. आणि घाटांत काम करणारे? याच रेल्वेच्या पुण्याकडच्या फाट्यावर, बोरघाटात, एका वेळी हजारोंनी मजूर राबत होते आणि पटकीने, तापाने, अपघाताने हजारोंनी मेले. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून तिथल्या मजुरांनी दंगा केला, एक युरोपीय माणूस त्यात मारला गेला आणि मग चौकशी बसली. निघालं ते असं की कंपनीने मक्तेदाराला पैसे द्यायचे, मक्तेदाराने पोटमक्तेदाराला, त्याने मुकादमाला, आणि मजुराच्या हाती पोचेपर्यंत पैसा मध्येच कुठेतरी जिरत होता. मजुराला तक्रार करायला दारच नव्हतं, म्हणून त्याने दगड उचलला. ज्या माणसांनी मुंबईत सोसायट्या आणि असोसिएशनं उभारून आपल्यावरच देखरेख बसवून घेतली, त्यांच्या देखरेखीचा हात घाटाच्या पायथ्यापर्यंत गेला नाही.

यावर पहिली हरकत घेतली जाईल ती ही की मक्तेदाराचं पाप नानांच्या माथी का? संचालक काही मजुरी वाटायला घाटात जात नाही. हे खरं आहे, आणि म्हणूनच मी नानांना दोषी ठरवत नाही. पण ‘मजूर मक्तेदाराचा, आमचा संबंध नाही’ हे वाक्य तेव्हापासून आजपर्यंत औद्योगिक वसाहतींत जसंच्या तसं चालत आलेलं आहे, आणि ज्या उद्योगाच्या यशाचं श्रेय आपण प्रवर्तकाला देतो, त्याच्या या भागाचं उत्तरदायित्वही निदान विचारायला हवं. श्रेय वरपर्यंत चढतं आणि जबाबदारी मुकादमापाशी अडते, ही वाटणी सोयीची आहे, न्याय्य नाही. अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगीने धनिकांनी संपत्ती लोकांसाठी वाटून टाकावी असा निबंध १८८९ मध्ये लिहिला आणि तीनच वर्षांनी होमस्टेडच्या त्याच्या पोलाद कारखान्यात संपकऱ्यांवर खाजगी पहारेकरी सोडले गेले, माणसं मेली. तेव्हा तो स्वतः स्कॉटलंडला होता. त्याच्या ग्रंथालयांनी लाखोंना वाचायला शिकवलं, हेही तितकंच खरं.

दुसरी हरकत अधिक वजनाची आहे: आजच्या फूटपट्टीने दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला मोजू नये. तत्त्व म्हणून मान्य. पण इथे फूटपट्टी आजची नाहीच. बोरघाटातल्या मजुराला मजुरी बुडणं अन्याय वाटत होतंच, त्यासाठी त्याला एकविसाव्या शतकाची वाट पाहावी लागली नाही. आणि नानांच्या सगळ्यात लखलखीत कामाबद्दल, म्हणजे शिक्षणाबद्दल, सगळ्यात बोचरा प्रश्न विचारला तो जोतीराव फुल्यांनी, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हा त्यांचा आक्षेप होता. नानांनी मराठीचा कैवार घेतला तो बहुजनांच्या नावाने. पण ज्या मंडळांत हे ठरत होतं तिथे शेट, शास्त्री, न्यायाधीश आणि साहेब बसत. मुरबाडचा कुणबी किंवा शहापूरच्या रानातला कातकरी, ठाकूर तिथे कधी नव्हता. त्याच्या भल्याचा विचार झाला, त्याला विचारलं मात्र नाही. नानांच्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा मिळाली, हे १८४९ च्या आसपासचं मोठंच धाडस. तिथेही पोचल्या त्या शहरातल्या, बऱ्या घरच्या मुली. याचा दोष एकट्या नानांवर ढकलणं हास्यास्पद होईल. पण त्यांच्या समित्यांचं वर्तुळ कुठे संपत होतं हे न सांगणं म्हणजे पुन्हा यादी वाचून हात जोडणं झालं.

तिसरी बाजू अगदी उलट टोकाची आहे. सगळे पैसेवाले एकाच माळेचे मणी, दान म्हणजे पापाची धुलाई, असं म्हणून मोकळं होणारेही पुष्कळ भेटतात. हे ऐकायला झणझणीत असतं, पण त्याने काहीच कळत नाही. रेल्वेचंच पाहा. आसनगाव स्थानकावर मे महिन्यात पहाटे गेलात तर पाटीत करवंदं आणि जांभळं घेतलेल्या आदिवासी बाया लोकलच्या डब्यात चढताना दिसतील. पाऊस पडला की त्याच पाट्यांत शेवळं, कंटोळी येतात. पळसाच्या पानावर वाटे मांडायचे, कल्याण-ठाण्याला विकायचे, दुपारच्या गाडीने परत. त्यांना मुंबईच्या बाजारापर्यंत नेणारी हीच रेल्वे. हिच्याच मार्गाने इथल्या जंगलाचं लाकूड गेलं, आणि याच तालुक्यातून, तानसातून १८९२ पासून आणि पुढे भातसातून, मुंबईचं पाणी गेलं. मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा आज भातसा देतं आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. रेल्वे चांगली की वाईट, याचं एका शब्दात उत्तर देणारा माणूस या डब्यात कधी बसलेला नसतो. जे घडलं त्यात घेणं आणि देणं दोन्ही होतं. देण्याघेण्याचे दर कोणी ठरवले, एवढंच विचारण्यासारखं आहे.

आणि हा प्रश्न नानांसोबत संपलेला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. त्यासाठी समिती असते ती कंपनीच्या संचालकांची. म्हणून खेड्यातल्या शाळेच्या भिंतीवर देणाऱ्या कंपनीचं नाव ठळक अक्षरांत रंगवलेलं दिसतं, पण शाळेला संगणक हवे होते की पाण्याची टाकी, हे विचारण्याचं बंधन कोणावर नाही. नानांच्या काळची सोसायटी या बाबतीत निदान एक पाऊल पुढे होती, तिथे वर्गणीदाराला उभं राहून बोलता येत होतं.

संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग हा अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि २०१३ चा भूसंपादन कायदा अशा क्षेत्रात ग्रामसभेची आगाऊ संमती मागतो. कागदावर पाहिलं तर मुंबईच्या टाउन हॉलमध्ये नानांना मिळालेली जागा आता डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या बाजूच्या पाड्यावरच्या माणसालाही आहे. धनिकाच्या, कंपनीच्या, सरकारच्या प्रस्तावाला तो उभा राहून नकार देऊ शकतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा, जून २०२५ मध्ये सुरू झालेला, याच शहापूर तालुक्यातून जातो. जमिनींचे भाव चढले आहेत, फार्महाउसच्या पाट्या लागल्या आहेत, सातबाऱ्यावर नवी नावं चढत आहेत. या नव्या पैसेवाल्यांतलाही कोणी उद्या दानशूर म्हणून ओळखला जाईल, त्याच्या नावाने शाळा निघेल. त्या वेळी ग्रामसभेचं इतिवृत्त मागवून वाचावं: प्रस्ताव कोणत्या तारखेला आला, सभेला किती जण हजर होते, हरकत कोणी घेतली आणि ती घेणाऱ्याचं पुढे काय झालं.